कढीपत्त्याच्या मुळाशी

आई, आज भाजीवाल्याकडून कढीपत्ता घेताना पुन्हा तुझा राग आला. बाल्कनीत एवढं झाड असताना मी तो विकत आणते. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हा राग काही जुना होत नाही.

तुझा नातू सातव्या महिन्यातच झाला, तेव्हा तू साताऱ्याहून धावत आलीस. इथे तमिळ मुलखात, आमच्या पेरुंगुडीत सगळीकडे ऑफिसांची बांधकामं चालली होती, आणि मी अण्णा नगरच्या हॉस्पिटलात त्याच्या काचेच्या पेटीसमोर बसून. मला दूध येत नव्हतं. तू डिंकाचे लाडू, हाळिवाची खीर, सगळं करून पाहिलंस. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मिल्क बँकेतलं देऊ. ज्या आयांना जास्तीचं दूध आहे त्या काढून देतात. त्यांचं रक्त तपासतात, काही जणींचं दूध एकत्र करून तापवतात, तपासतात आणि गोठवून ठेवतात. तापवायचं यंत्र कुणा देणगीदारांनी दिलेलं, बाकी सगळा कारभार आयांच्या मनावर. मला वाटलं, तू नाही म्हणशील. तू म्हणालीस, "औषध म्हणून घ्यायचं. औषधाला कुणी कुठलं विचारतं का?" किती बरं वाटलं होतं मला तेव्हा!

दूध काढायच्या खोलीत माझ्या शेजारी इथल्याच समुद्रकाठच्या कोवलमची एक बाई बसायची. नवरा होडीवर जाणारा. तिची मुलगीही पेटीतच होती, पण हिला दूध भरपूर. मी कोरडी बसलेली पाहून ती म्हणायची, "अळादे अक्का," रडू नको, आणि आपली दुसरी बाटली भरून नर्सकडे द्यायची. माझा मुलगा अशाच बाटल्यांवर जगला.

मग मला दूध आलं, पोर घरी आलं आणि त्याचं पिऊन उरू लागलं. बँकेच्या बाटल्या भरून मी फ्रीजरमध्ये ठेवू लागले. त्याला तपासायला नेलं त्या दिवशी कोवलमची ती बाई बाकावर बसलेली. तिला ताप, म्हणून तिचं दूध बंद केलेलं, आणि बँकेचा फ्रीज रिकामा. "पाल इल्लै मा," नर्स म्हणाली. दूध नाही. "माझ्याकडे आहे," मी म्हणाले आणि ऑटो करून घरी आले.

ओट्यावर बाटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या.

"कढीपत्त्याच्या मुळाशी घातलं," तू म्हणालीस. "मोरीत नाही ओतलं, एवढं कळतं मला. आपलं दूध परक्याच्या तोंडी गेलं की आटतं."

"आणि आपण घेतलं ते?"

"ते औषध होतं."

कोवलमच्या बाईच्या मुलीला पावडरचं दूध दिलं. पुढे त्या पोरीचं पोट फुगलं आणि तिला सरकारी हॉस्पिटलात हलवलं. पावडरमुळेच, असं कुणी छातीठोक सांगितलं नाही. मी बसने कोवलमला गेले, होड्यांजवळ विचारत फिरले, पण मला त्या बाईचं नावही धड ठाऊक नव्हतं. परत आले तर तू मीठमोहऱ्या घेऊन नातवाची दृष्ट काढत होतीस. त्या मुलीचं काय झालं, हे तू एकदाही विचारलं नाहीस. उलट शेवटपर्यंत ज्याला त्याला सांगत राहिलीस, माझ्या लेकीच्या दुधावर वाढलाय. मी ऐकून घेत राहिले आणि आतल्या आत जळत राहिले.

आता तो माझ्यापेक्षा उंच झालाय. काल जेवताना म्हणाला, "आपल्या झाडाची पानं का नाही गं घालत?" मी म्हटलं, "कीड लागते त्याला."

त्या झाडाला कधीच कीड लागली नाही, आई. पण खरं सांगितलं तर तो तुझ्यावर रागावेल. म्हणून हा कागदही त्याच्या हाती लागू देणार नाही. तुझ्यावर रागवायचं ते मी. दुसरं कुणी रागावलेलं मला अजून सहन होत नाही.