पाठमोरं घर

प्रिय ओब्दुलिया,

अक्षर लागलं नाही तर जावयाकडून वाचून घे. नको, तूच वाच. इथे सगळं ठीक आहे, माझा गुडघा सोडून. तुझ्या आईचे टर्की कोल्ह्याने नेले, म्हणून नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी तिने मला जुन्या लोकांच्या डोंगरावर पिटाळलं, नवे मागून या म्हणून. सोबत तुझी धर्ममाय तोमासा होती. चढताना मला म्हणते, जपून चाला तिबुर्सिओ, इथे पडलात तर अवशेष खणणारे तुम्हालाही जुनंच समजून पेटीत भरतील.

वर दरवर्षीसारखी गर्दी. पडक्या भिंतींच्या कडेने जो तो आपलं मागणं खड्यामातीने मांडत होता. कुणाचं मक्याचं शेत, कुणाचा ट्रक. मी निवडुंगाच्या काट्यांचं कुंपण केलं, आत टर्की म्हणून गोल खडे सोडले आणि दम खात बसलो. त्या भिंती जन्मापासून बघतोय, पण या वेळी मनात किडा शिरला. एवढं प्रचंड अंगण, एवढ्या रुंद पायऱ्या, कशासाठी? हेही त्या जुन्या लोकांचं मागणंच असेल का? आपण खड्यांनी मांडतो, त्यांनी अख्खा डोंगर मांडला. काय हवं असेल त्यांना, आणि मिळालं का? तोमासा म्हणाली, मिळालं असतं तर सोडून कशाला गेले असते? मी म्हटलं, मिळालं म्हणूनही गेले असतील. ती म्हणाली, तुमच्या बायकोला स्वर्गात वेगळी खोली द्यायला हवी.

मग उघड्या थडग्याच्या तोंडाशी, वारा लागत नाही तिथे, मला खड्यामातीने मांडलेलं एक घर दिसलं. स्वयंपाकघर वेगळं, पेरूच्या झाडाच्या जागी एक काडी, आणि दार वाटेकडे नाही, डोंगराकडे. गावात असं पाठमोरं घर एकच आहे. मी वाऱ्याला घाबरून तसं बांधलं आणि लोक अजून हसतात. आत निळ्या दोऱ्याने टांगलेला अक्रोडाच्या टरफलाचा पाळणा होता. रिकामा. मांडणाऱ्याने आत काही ठेवलंच नव्हतं, की उंदराने नेलं? तोमासाला विचारलं तर ती शाल सावरत म्हणाली, काल एक बाई बसमधून उतरून थेट वर गेली आणि तशीच परतली. चेहरा झाकलेला होता म्हणे. एरवी तोमासा कोंबडीचाही चेहरा ओळखते.

दुसऱ्याच्या मागण्याला हात लावायचा नसतो, हे मीच तुला शिकवलं. पण पाळणा रिकामा बघवेना. खिशात घेवड्याचे दाणे होते. एक ठेवला. मग वाटलं, उंदीर परत आला तर? म्हणून आणखी एक ठेवला. तेव्हापासून झोप नाही. ते घर दुसऱ्याच कुणाचं असेल आणि त्या बिचारीला माझ्यामुळे जुळी झाली तर?

तुझ्या आईला यातलं काही सांगितलेलं नाही. पोटातलं टिकलं नाही त्या दोन वेळांनंतर ती फोनवर दर वेळी, काही बातमी आहे का, तेच विचारत राहिली, आणि तू यायची थांबलीस. परवा पेरूखाली बसून ती आपणहून म्हणाली, आता आली तर फक्त जेवलीस का, एवढंच विचारेन. हे तुला कळावं आणि त्या दाण्यांचा उलगडा व्हावा, म्हणून हे पत्र. ते घर तुझं नसेल तर लगेच कळव, गुडघा धरून वर जाईन आणि एक दाणा काढून आणीन. तुझं असेल तर उत्तर लिहीत बसू नकोस, ये.

तुझाच,
ताता