गाळलेली ओळ

निरगुडसर,
१७ नोव्हेंबर २०२५

प्रिय गोकुळ,

ऑफिसातल्या ताईचं हातानं लिहिलेलं पत्र, तेही सव्वीस वर्षांनी, पाहून दचकशील. घरी सगळी बरी असतील. माझे गुडघे सोडले तर माझंही बरं चाललंय. इथे कांद्याच्या लागणीची धांदल आहे, आणि बिबट्याच्या धास्तीनं माणसं उजेडातच घरी परततात.

बातमी अशी, की दूध संघातलं आपलं जुनं युनिक्स मशीन भंगारात निघालं. त्यात जनावरांच्या नोंदी अडकल्या होत्या, त्या काढून द्यायला मला बोलावलं. आपले प्रोग्राम चालवणारं पर्ल तर तू गेलास तेव्हाच पुसून टाकलेलं. म्हणून मी ते पुन्हा पहिल्यापासून कंपाइल करायला बसले. कपाटात पर्लची तुझी टेप सापडली, वर तुझं ते उजवीकडे कललेलं अक्षर. आणि चालली की रे!

किती आठवलं म्हणून सांगू. पर्ल तयार करायला कंपायलर लागायचा, आणि कंपनीनं मशीनबरोबर दिलेला अर्धवट, पुरता हवा असेल तर वेगळा विकत घ्या म्हणणारा. तू पुण्यातल्या मित्राकडून फुकटचा घेऊन आलास. मग पर्ल बसवतानाची मशीनची ती प्रश्नावली. हे आहे का, ते कुठे ठेवू, असं करू का? तू मोठ्यानं वाचायचास आणि म्हणायचास, "हो म्हणा ताई, न्हायतर पावणं मुलगी नापसंत करत्यात." झाडायला आलेल्या कोंडाबाईंनी विचारलं, हे काय चाललंय दिवसभर? तू म्हणालास, "मावशी, हा दुभाष्या हाय. आपलं म्हणणं मशिनीला समजावून सांगतो." त्या म्हणाल्या, "मग आमच्या धन्याला पण एक आण." आपण दोघं इतके हसलो, की मी एन्टर दाबायचं विसरले.

परवाही दुपारपर्यंत पडद्यावर ओळी सरकत राहिल्या. मी डबा उघडून बसले होते. समोर तुझी खुर्ची नव्हती.

शेवटी पर्लच्या चाचण्या लावल्या. ओके, ओके, ओके, आणि तीच एक नापास. तेव्हा झाली होती तीच. तुला ती डाचत होती. "ताई, थांबूया. एक नापास हाय." मी म्हटलं, थांबायला वेळ नाही, लसीकरणाची यादी उद्या हवी.

गोकुळ, ती चाचणी काय विचारत होती ते परवा मी वाचून पाहिलं. मशीन स्वतःला नावानं ओळखतं का, एवढंच. ते नाव एका फाइलीत लिहायचं राहिलं होतं. लिहिलं, आणि झाली पास. आपल्या यादीशी तिचा काडीचा संबंध नव्हता.

आता पुढचं लिहिते. कालपासून दोन कागद फाडलेत.

यादी काढण्याचा प्रोग्राम माझा होता. आपले धर्माजी गावोगाव फिरून जनावरं टिपायचे आणि मध्येच वैरण किती उरली तेही सोळा आण्यांच्या हिशोबात लिहायचे. वैरण आठ आणे, वैरण बारा आणे. इंग्रजी कॅपिटलमध्ये ANE. त्या ओळी यादीत नको होत्या. म्हणून मी एक ओळ लिहिली: जिथे ANE दिसेल, ती नोंद गाळ.

प्रत्येक नोंदीत गावाचं नाव असायचं, आणि तुझ्या गावाचं स्पेलिंगही तेच. तू रोज "आमच्या आण्याला" म्हणायचास. कॉन्व्हेंटमध्ये शुद्धलेखनाची बक्षिसं घेतलेल्या मला आण्याला, आण्यात, आण्याहून एवढंच ऐकू आलं. आणे ऐकूच आलं नाही.

सगळं गाव यादीतून गेलं. लस पोचली नाही. लाळ्या-खुरकूत आला, अकरा वासरं गेली, तुझ्या आईची गाय आटली ती आटलीच. मीटिंगमध्ये चेअरमन हौशीराम सगळ्यांदेखत म्हणाले, "गोकुळराव, तुमच्या मशिनीनं तुमचंच गाव खाल्लं की!" लोक हसले. तू उठून म्हणालास, "साहेब, एक चाचणी नापास व्हती. माझंच चुकलं असंल."

मला त्याच सकाळी कळलं होतं. मीटिंगच्या आधी. ती ओळ मी पाहिली, खोडली आणि वर येऊन तुझ्या शेजारी बसले. प्रतिभा मॅडम कधी चुकत नाहीत, असं ऑफिसात म्हणत. ते मला फार आवडायचं. तू माझ्याकडे पाहिलंस, तेव्हा मी पेनाचं टोपण लावत होते.

तू नोकरी सोडलीस, पुन्हा कीबोर्डला हात लावला नाहीस, हे कानावर आलं. बेल्ह्याला विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देतोस हेही. एकदा बाजारच्या दिवशी मी तुझ्या दुकानासमोर आले होते. तू गिऱ्हाइकाला सांगत होतास, "चालवून बघितल्याबिगर मी देत न्हाई. एकदा चुकलोय मी." मी तशीच मागे फिरले.

परवा मी माझा जुना प्रोग्राम, खोडलेली ओळ परत घालून, तुझ्या पर्लवर चालवला. आणे पुन्हा गेलं. ओळ काढली, आणे आलं. त्यात तुझ्या आईची ओळही: तुकाबाई, गाय एक, कालवड एक. तुझ्या दुभाष्यानं मी सांगितलं तेच मशीनला सांगितलं होतं, अक्षर न् अक्षर.

हे सगळं सहीनिशी लिहून संघाला दिलंय. येत्या सोमवारी आण्याला जाऊन तुझ्या आईला स्वतः सांगणार आहे. त्यांनी दारातून घालवलं तरी ओट्यावर उभं राहून सांगेन. तू यावंस असं म्हणत नाही. माफ कर असंही लिहिणार नाही, ते तुझ्यावर आणखी एक ओझं होईल.

फक्त एवढं वाच. गोकुळ, तू चुकला नव्हतास. तू केलेलं काम बरोबर होतं.

हे ठाऊक असून गप्प बसलेली,
प्रतिभा