मुलाखत क्रमांक सतरा

हैदराबाद

प्रिय बाबांना संचिताचा नमस्कार.

मी बरी आहे. संशोधन केंद्रात दर बुधवारी चर्चा असते, तेव्हा आळीपाळीने एकेकाने पोहे करायचे. माझे सगळ्यांनी मागून घेतले. आईचे गुडघे कसे आहेत?

फोनवर आई स्पीकर लावते, म्हणून हे पत्र साईनाथकाकांच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय.

बाबा, आमच्या केंद्रातली ऋजुता शहाडच्या एका बंद कारखान्याच्या कामगारांशी बोलून आली. ती रेकॉर्डिंग ऐकून शब्द न् शब्द लिहायचं काम माझ्याकडे आहे. नावं काढलेली असतात. पण सतरा नंबरचा माणूस मधेच तिला म्हणाला, "आधी दोन घास खा गं बाळा, आमच्या हिच्या हातची भेंडी आहे." मी हेडफोन काढून ठेवला.

कारखाना बंद पडून सात महिने झाले, रोज डबा घेऊन कुठे बसता हो? आईला अजून तुम्ही ड्युटीवर जाता असंच वाटतंय.

ऋजुताने विचारलं, "पुढे काय करणार?" तुम्ही गप्प. आम्हाला गप्प बसणंही सेकंद मोजून लिहावं लागतं. एकोणतीस सेकंद, बाबा. मी तीनदा मोजले.

मग तुम्ही विचारलंत, "माझ्या मुलीला कळणार नाही ना? तीही असंच काहीतरी शिकते." ऋजुताने तसा शब्द दिला. गुप्ततेच्या कागदावर माझीही सही आहे. तो शब्द मी आज मोडतेय.

शनिवारी सकाळी कल्याणला उतरेन. स्टेशनवर या. डबा घेऊनच या, दोघं मिळून खाऊ. पण या, बाबा. नक्की या.

तुमचीच,
संचिता