उबेच्या जागेवरची गिटार

१६ नोव्हेंबर, शनिवार

आणली! १९९६ सालची, आपल्या कोरियातल्या इंचॉनमध्येच बनलेली. जुनी आहे, पण मान बाणासारखी सरळ. डोळा लावून तीनदा पाहिली. विकणारा म्हणाला, चौथ्यांदा पाहायची असेल तर घरी नेऊन पाहा.

इक-सूला लगेच फोन केला. कॉलेजच्या बँडमध्ये तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण त्याच्याकडे अमेरिकन नावाची गिटार असल्यामुळे वीस वर्षं सोलो तोच वाजवतो आणि मी मागे ताल धरतो. पैज लावली. २१ डिसेंबरला वर्षअखेरच्या जेवणाला डोळे बांधून दोन्ही गिटारी ऐकायच्या. बँडमधला सगळ्यात थोरला दोक-मानदादा पंच. जिंकेल त्याचा सोलो, हरेल त्याने जन्मभर मागे ताल धरायचा. इक-सू म्हणाला, "दादा, ताल तर तुम्ही आत्ताही धरता. मग हरून वेगळं काय होणार?" उद्धट आहे. पण प्रश्न रास्त आहे, हे इथे नोंदवतो.

गिटार ठेवायची कुठे? बाल्कनीत गारठा. उभी ठेवली तर पडेल. शेवटी पेटीसकट जमिनीवर आडवी ठेवली, फरशीखालच्या नळ्यांतलं गरम पाणी जिथून खोलीत शिरतं त्या भिंतीलगत. घरातली सगळ्यात उबेची जागा. सासरे येत तेव्हा तिथेच निजत. मानाच्या पाहुण्याला मानाची जागा.

२३ नोव्हेंबर

किमची घालायला सासूबाई साठ कोबी घेऊन आल्या. आता हिवाळाभर इथेच. मी मदत केली, म्हणजे तिखट उडून गिटारीवर बसू नये म्हणून खोलीचं दार धरून उभा राहिलो. माझी बायको मी-रान म्हणाली, दार आपोआपही बंद राहतं.

सासूबाई अंथरूण घेऊन खोलीत गेल्या आणि तशाच परत आल्या. "जावईबापू, माझ्या जागेवर ही कोण बया निजवलीत?" मी त्यांना आपल्या देशातल्या गिटारनिर्मितीचा थोडा इतिहास सांगितला. त्या खिडकीशी निजल्या. थकल्या असाव्यात.

तारा मानेपासून जरा उचलल्यासारख्या वाटतात. विचार केला. त्या काळच्या कारागिरांची बोटं दणकट, त्यांनी आपल्या हिशोबाने ठेवल्या असणार. दोष माझ्या बोटांचा. शाळेत नीतिशास्त्र शिकवतो, बोटांचाही अहंकार नको.

१ डिसेंबर

उणे सहा. सासूबाईंसाठी फरशीची ऊब वाढवली. (प्रामाणिकपणे: गिटारीसाठीही.)

पाचव्या पट्टीवर तार खरखरते. स्वतःला विचारलं, ग्यू-चल, तू ही गिटार कानाने तोलतोस की देशप्रेमाने? उत्तर द्यायला संध्याकाळ लागली. दोन्हीने.

रविवारीही शाळेत काम निघालं, उशिरा आलो. सासूबाईंनी माझा भात झाकणाच्या पितळी वाटीत घालून, रजईखाली, गिटारीला खेटून ठेवला होता. चार तासांनीही वाफ निघत होती! याला म्हणतात आपल्याकडची गुणवत्ता. गिटार करणाऱ्यांनी या वाटीकडून शिकावं. हे मोठ्याने म्हणालो. सासूबाईंनी एकदा वाटीकडे, एकदा फरशीकडे पाहिलं आणि आणखी भात वाढला.

११ डिसेंबर

मानेला बाक. आता शंका नाही. सुरात लावली की जेवण होईपर्यंत उतरते.

मत बदलायला धैर्य लागतं. मी बदललं. ९६ साली परदेशी मागणी फार, लाकूड वाळवायला वेळ कुणाला होता? ओलंच कापलं असणार. बाहेरून देखणं, आत घाई. आपल्या सगळ्या पिढीचंच हे झालं. यावर पैजेच्या दिवशी बोलायचं ठरवलं. टिपण तीन पानी झालं. हरलो तरी सत्याच्या बाजूने हरेन.

मी-रान विचारत होती, महिन्याभरात वाजवलीत किती? खालच्या मजल्यावरच्यांना त्रास नको म्हणून सुरात लावण्यापलीकडे वाजवलेली नाही, हे तिला ठाऊक आहे. तरी विचारते.

आज उणे नऊ. पेटीवर आणखी एक रजई घातली. कशीही असली तरी घरची आहे.

२१ डिसेंबर

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

डुकराचं मांस निखाऱ्यावर, प्यायला सोजू भरपूर. इक-सू सोडून सगळ्यांनी आपापल्या मफलरने डोळे बांधले. इक-सूने एक वाजवली, मग दुसरी. दुसरीच्या तिसऱ्याच सुराला सगळे ओरडले, "ग्यू-चलची!" मांस भाजणाऱ्या बाईंचे डोळे कुणी बांधले नव्हते, पण त्या पाठमोऱ्या होत्या. त्याही म्हणाल्या, दुसरीला सर्दी झालीय.

मी उभा राहून भाषण केलं. ओलं लाकूड, घाई, पिढी. पहिल्या गिटारीकडे बोट करून म्हणालो, याला म्हणतात अमेरिकन कारागिरी, ऐकूनच कळते.

इक-सूने ती उलटी केली. मानेच्या मागे बारीक अक्षरं. मेड इन कोरिया. साल ९६. त्याच कारखान्यातली. पुढचं नाव तेवढं अमेरिकन. "मला माहीत होतं, दादा. वीस वर्षांत तुम्ही कधी विचारलंतच नाही."

मी म्हणालो, एखादा नग अपवादाने चांगला निघतो. मग दोक-मानदादाने विचारलं, "तू तुझी ठेवतोस कुठे?"

सांगितलं. उबेची जागा. आडवी. दोन रजया.

दोक-मानदादाच्या नाकातून सोजू आली. "अरे, ती गिटार आहे की सासू?"

सासू खिडकीशी निजते, हे मी सांगितलं नाही.

२२ डिसेंबर

रजया काढल्या. गिटार चपलांच्या कपाटाशेजारी गारव्यात उभी केली. सासूबाईंचं अंथरूण उबेच्या जागेवर घातलं आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, "बरं झालं. त्या जागेवर आम्ही मासे सुकवायचो. मला वाटलं, तुम्ही शिकलेले, काहीतरी विचार असेल."

पाठ टेकताच घोरू लागल्या.

इक-सूचा निरोप: जानेवारीत तालीम, ताल धरायला या. जाणार. पैज म्हणजे पैज.

संध्याकाळी मानेला पुन्हा डोळा लावला. बाक केसभर कमी झाल्यासारखा वाटतो. ९६ चं लाकूड. उगाच नाही मी पहिल्याच दिवशी ओळखलं.