तीस पानांचं झाड आणि उरलेली गोळी

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळचे सहा वाजून बारा मिनिटं. पलंगाच्या कडेला बसलो आहे, हातात रिकामा पेला.

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (खरंच वाकलो होतो. चप्पल पलंगाखाली गेली होती, तेवढ्यात तुलाही करून घेतला.) तुझी पाठ कशी आहे? सातवा महिना लागला असेल. पाय सुजतात का, झोप लागते का, भाऊजी भांडी घासतात की नुसतं घासतो म्हणून सांगतात, हे सगळं सविस्तर कळव. इकडे मी ठीक आहे. 'ठीक' हा शब्द विचार करून लिहिला आहे. या पत्रात तुझ्याकडे काहीही मागायचं नाही. सहाला गोळी घेतली की आठपर्यंत पोटात पाण्याशिवाय काही जाऊ द्यायचं नाही असा नियम आहे, आणि भुकेल्या माणसानं ते दोन तास कसे काढायचे हे बाटलीवर छापलेलं नाही, म्हणून हे पत्र.

गोळी कसली, ते फोनवर तीन वेळा सांगायला घेतलं आणि तिन्ही वेळा हवेबद्दल बोलून फोन ठेवला. आता लिहितो, कारण कागद मध्येच "काय झालं रे?" असं विचारत नाही. डिसेंबरात मी रक्त द्यायला गेलो होतो. आठ दिवसांनी त्यांनी बोलावून सांगितलं की तुमचं रक्त आम्हाला नको. हिपॅटायटिस बी. लिव्हरमध्ये राहणारा विषाणू, बहुधा जन्मापासून बिऱ्हाड करून असलेला. (एवढी वर्षं राहतो आहे आणि एकदाही ओळख दिली नाही.) पुढच्या तपासण्या झाल्या, लिव्हरला थोडी सूज निघाली. रोज एक गोळी, एकाच वेळी, रिकाम्या पोटी, कदाचित अनेक वर्षं, आणि मनानं बंद करायची नाही. दवाखान्यातल्या सिस्टरनी पहिल्याच दिवशी सांगितलं की हा विषाणू पुष्कळदा आईकडून बाळंतपणात मुलाकडे येतो, तेव्हा भावंडांची तपासणी आधी करून घ्या. आई आता विचारायला नाही. तिच्या शेवटच्या आजाराला आपण सगळे कावीळच म्हणत राहिलो. म्हणजे भावंडं म्हणून उरलीस तू. सिस्टरना मी "हो, सांगतो" म्हणालो आणि तो विषय खिशात घालून घरी आलो.

त्याच दिवशी सिस्टरनी माझ्या मोबाइलमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं. सकाळी सहाला त्यातली बाई बोलते, "गोळीची वेळ झाली." न चिडता बोलते. गोळी घेतल्यावर 'घेतली' हे बटण दाबायचं, की पडद्यावरच्या झाडाला एक पान फुटतं. तीस दिवस निरखूनही ते झाड कशाचं आहे हे मला ओळखता आलेलं नाही. त्या बाईबद्दलही मला कुतूहल आहे. हे वाक्य तिनं एकदाच म्हटलं असेल की पाचपन्नासदा म्हणून त्यातलं निवडलं असेल? आणि रक्ताच्या एका थेंबात विषाणू हजारांनी असतात म्हणे, ते मोजतं कोण? सिस्टरना विचारलं, तर म्हणाल्या की असं आजवर कुणी विचारलं नव्हतं, यंत्र मोजतं, आणि आता पुढच्याला आत येऊ द्या.

अ‍ॅप चांगलं आहे, पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. रबरी शिक्क्यांच्या दुकानात चार वर्षं काढली आहेत. आमच्याकडे शिक्का कितीही सुबक कापला तरी त्याचा ठसा नमुना वहीत उमटल्याशिवाय काम झालं असं धरत नाहीत. ठसा उमटला की काम संपलं, हात धुवायचे. तेव्हा नुसत्या बटणावर माझा भरवसा कसा बसणार? मी उरलेल्या रबरातून 'घेतली' असा शिक्का केला, वर फिरवायची तारीख बसवली, आणि रोज बटण दाबून झालं की वहीत शिक्का मारायला लागलो. शिवाय कॅलेंडरवर फुली. म्हणजे एका गोळीला तीन पुरावे. डॉक्टरांना एवढं पुरत नसेल तर त्यांनी माझं पोट उघडून बघावं.

काल शनिवारी तिसावा दिवस. बाटली तीस गोळ्यांची. काल सकाळची घेतली, झाडाला तिसावं पान फुटलं, बाई "शाबास, शंभर टक्के" म्हणाली, आणि बाटली फेकायला उचलली तर आत काहीतरी खुळखुळलं. एक गोळी. ताई, वही मोजली, तीस ठसे. फुल्या मोजल्या, तीस. पानं बोट लावून मोजली (दोन पानं एकमेकांवर आहेत, त्यात पाच मिनिटं गेली), तीस. मग ही कुठून आली? कारखान्यानं एकतीस भरल्या असतील असं वाटून दुकानाच्या वाटेवर औषधवाल्याला विचारलं. तो म्हणाला, कमी भरली म्हणून भांडायला येतात, जास्त आली म्हणून आलेलं गिऱ्हाईक पहिलंच.

दुकानात मी तीच वही उघडून बसलो होतो आणि मालकांनी ती मागून ओढली. त्यांना एक महिना मी काही सांगितलं नव्हतं. उगाच माझा कप वेगळा करून खिडकीत ठेवत होतो, आणि त्यावर ते रोज "सरकारांचा कप" म्हणून टोमणा मारत. काल सांगावंच लागलं. नोकरी गेली असं धरून मी डब्याची पिशवी हातात घेऊनच बोललो. त्यांचा पहिला प्रश्न, "कपानं होतं का?" म्हटलं नाही. शेजारी बसून, एका ताटात जेवून, हातात हात घेऊन, कशानंच नाही. रक्तानं होतं, म्हणून दाढीचं पातं कुणाचं कुणी वापरायचं नाही. "तुझ्या पात्याला हात लावायला मी काय वेडा आहे? त्यानं तू रबर कापतोस," असं म्हणून त्यांनी सरकारांचा कप खिडकीतून उचलून आमच्या कपांत ठेवला आणि वही घेऊन उजेडात गेले.

आणि मग त्यांनी ते शोधून काढलं, जे अ‍ॅपलाही जमलं नव्हतं. भिंग लावून एकेक ठसा पाहत होते. म्हणाले, "हे सगळे ठसे डावीकडे कललेत. का?" मी म्हटलं, डाव्या हातात पाण्याचा पेला असतो, शिक्का एकाच हातानं मारतो. "मग सत्तावीस तारखेचा असा सरळ कसा? कडा बघ, शाई बघ. हा दोन हातांनी मारलाय. त्या दिवशी पेला कुठं होता?"

पेला नव्हता. म्हणजे पाणी नव्हतं, म्हणजे गोळी नव्हती. महिन्यातला सर्वांत देखणा ठसा न घेतलेल्या गोळीचा निघाला.

सत्तावीस तारीख सोमवार होता, आणि तो सोमवार मला पुरता आठवला. अ‍ॅप दर सोमवारी एक जादा प्रश्न विचारतं: भावंडांची तपासणी झाली का? खाली तीन बटणं, 'हो', 'नाही', 'नंतर विचारा'. पहिले दोन सोमवार मी 'नंतर विचारा' दाबलं. तिसऱ्या सोमवारी ते तिसरं बटणच आलं नाही. सहा वाजता, पेला भरायच्या आधी, ती बाई तशाच न चिडलेल्या आवाजात विचारते आहे आणि मी उभा. 'नाही' दाबलं तर ती का म्हणून विचारील असं वाटलं. 'हो' दाबलं. लगेच 'घेतली' पण दाबलं, म्हणजे ती गप्प होईल. मग इतकं अपराध्यासारखं झालं की निदान शिक्का तरी नीट मारू म्हणून दोन्ही हातांनी, श्वास रोखून मारला. ठसा उमटला, काम संपलं, हात धुतले.

अर्ध्या दिवसाची रजा घेऊन दवाखान्यात गेलो. सिस्टर म्हणाल्या, एक चुकली तर आभाळ कोसळत नाही, दोन एकदम घ्यायच्या नाहीत, उरलेली उद्याची म्हणून घे, आणि यापुढे आधी गिळ, मग छापखाना चालव. मी आभार मानून उठलो होतो. तेवढ्यात त्यांनी माझा मोबाइल पुढे ओढला. "बहिणीची तपासणी झाली? वा. रिपोर्ट आणला?" रिपोर्ट घरी राहिला म्हणणार होतो, पण खरं काय ते सांगून टाकलं. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "एका गोळीसाठी रजा काढून धावत आलास. तिच्यासाठी एक बोट हलवलंस, तेही खोटं."

आता सात वाजून पंचावन्न मिनिटं झाली आहेत. पाच मिनिटांत खायला मिळेल. भाऊजींना नमस्कार, शेजारच्या काकूंना आठवण.

तुझा,
धाकटा

ता. क. : काही मागायचं नाही असं वर लिहिलं आहे. त्यावर काट मारणार होतो, पण पान खराब दिसलं असतं.

ता. क. दुसरी : दवाखान्याच्या तुझ्या फायलीत हिपॅटायटिस बीच्या तपासणीचा कागद आहे का बघ. गरोदरपणात बहुतेक ठिकाणी करतात म्हणे, कदाचित झालीही असेल. असेल तर निकाल काय ते कळव. नसेल तर हे पत्र मिळेल त्याच दिवशी जा, "भावाला आहे" असं तोंडानं सांग, लाजू नकोस (लाजायचं काम मी महिनाभर केलं आहे, आता पुरे). आणि घाबरू तर मुळीच नकोस. तुझ्यात निघालाच तर तुझ्यावर डॉक्टर लक्ष ठेवतील, आणि आधी कळलेलं असलं की बाळाला जन्मल्याबरोबर, पहिल्याच दिवशी, इंजेक्शनं देतात. त्यानं ते बहुतेक वाचतं. आधी कळलं तर. आपल्या वेळी आईला कुणी विचारलंच नाही.

ता. क. तिसरी : भाऊजींनाही सांग. नाहीतर मी सांगतो. नाही, तूच सांग.

ता. क. शेवटची : आज सकाळी सहाला, पेला डाव्या हातात धरून, अ‍ॅपमध्ये 'हो'चं 'नाही' केलं. का म्हणून त्या बाईनं विचारलंच नाही. गोळ्या आल्या तीस, पोटात गेल्या तीस, दिवस झाले एकतीस. भावंडं दोन, तपासलेलं एक. बाकी तू.