काचेचं दुसरं टोक

६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. तुझ्या भाचीचं लग्न दोन महिन्यांवर आलंय आणि ती सोडून घरातल्या सगळ्यांची झोप उडाली आहे. दाजींची पाठ कशी आहे? त्यांना म्हणावं, कारखान्यात काचा उचलायचं वय राहिलं नाही, कधीतरी मेहुण्याचं ऐका.

आता जरा नाजूक विषय. लग्न ठरलं त्या दिवशी जेवताना तू चमचा खाली ठेवलास, मोठ्यांदा 'टेक' म्हणालीस आणि भिंतीला पाठ लावून सरळ जमिनीवर बसलीस. दाजीही ताट सोडून शेजारी जाऊन बसले. आम्हाला तुझी सवय आहे, पण व्याह्यांना वाटलं तुला झटका आला. मग थोड्या वेळाने उठून तू दोन वाट्या आइस्क्रीम खाल्लंस, तेव्हा तर त्यांना काहीच कळेना. विहीणबाई अजून आडून आडून विचारतात.

डॉक्टरांनी तुझी ती मन शांत करायची जुनी गोळी हळूहळू कमी करत अखेर बंद केली, चांगलं झालं. पण तिच्या जागी काहीतरी हवं ना? सोबत बाटली पाठवतोय. झाडपाल्याच्या कॅप्सूल आहेत, चिठ्ठी लागत नाही, पूर्ण कायदेशीर, माझ्या औषधाच्या दुकानात हातोहात खपतात. आणि लग्नाच्या एका दिवसापुरती ती जुनीच गोळी अर्धी घे, मी आणून ठेवीन. एका दिवसाने काय बिघडतंय?

लोभ असावा, आणि भावाच्या अब्रूचीही थोडी काळजी असावी.

तुझा,
भाऊ

१५ जानेवारी

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी बाटली जशी आली तशी परत पाठवतेय. मध्ये फक्त डॉक्टरांना दाखवून आणली. आत काय किती आहे ते तिच्यावर धड लिहिलेलं नाही, त्यातलं एक यकृताला जड आणि दुसरं माझ्या आताच्या औषधाशी भांडणारं, असं त्या म्हणाल्या. कायद्यात बसतं ते माझ्या अंगाला मानवेल असं तुला कुणी सांगितलं? अर्ध्या गोळीचं विचारलं तर त्यांनी चष्म्यावरून असं पाहिलं की मी तुझं नाव सांगितलं नाही. चिठ्ठीशिवाय ती मिळणार नाही अशी लाल पाटी तुझ्याच दुकानात आहे. बहिणीसाठी ती भिंतीकडे तोंड करून ठेवणार आहेस का?

तिच्या जागी काहीतरी हवं म्हणतोस, तर आहे की. डॉक्टरांनी दुसरं औषध दिलंय, सवय न लावणारं. अगदी संथ आहे ते. महिनाभर मला वाटत होतं मी खडूच गिळतेय, आता जरा गुण दिसतोय. दर मंगळवारी समुपदेशकाकडे जाते. तो पोरगा गोड बोलून मला ज्याची भीती वाटते तिथेच नेऊन उभं करतो. गेल्या आठवड्यात लिफ्टमध्ये वरखाली केलं. उतरल्यावर मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. कॉफी सोडली. संध्याकाळी चालते.

आणि 'टेक' आहे. तू आमच्या कारखान्यात नुसता चहाला येतोस म्हणून सांगते. मोठी काच दोघांनी धरलेली असते. ज्याचा हात सुटेलसा वाटेल त्याने 'टेक' म्हणायचं, की दोघांनी तिथेच खाली ठेवायची. का म्हणून विचारायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. जो लाजून गप्प राहतो त्याच्यामुळे दुसऱ्याचा पाय कापतो. छातीत धडधडायला लागलं की मी तेच करते. पळत नाही, लपत नाही. खाली बसते, श्वास सावकाश सोडते आणि उठते.

तुझी ती गोळी वाईट नव्हती रे, सुरुवातीला तिनेच मला तारलं. पण वर्षानुवर्षं घेत राहिले. एकदा आरसा बोटभर वाकडा कापला. तुझे दाजी म्हणाले वाकडा आहे, मी म्हटलं असू दे. तीस वर्षांत मी असं कधी म्हटलं नव्हतं. भीतीपेक्षा मला त्या 'असू दे'ची जास्त धास्ती वाटली. म्हणून ती सोडायची आहे असं मीच डॉक्टरांना जाऊन सांगितलं.

लोभ भरपूर आहे, पण तो गुंगीत राहून करणार नाही.

तुझी,
ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र घरात सगळ्यांनी वाचलं आणि सगळे हसले. मला हसू आलं नाही. लग्नाचा हॉल म्हणजे कारखाना नव्हे. शंभर माणसं असतील, मला माईकवर दोन शब्द बोलायचे आहेत, आणि तेवढ्यात तू जमिनीवर बसलीस तर मी काय करू? अर्धी गोळी घ्यायची नसेल तर सकाळी नोंदणीच्या सह्यांना ये आणि हॉलवर येऊ नकोस. नंतर जोडप्याला घेऊन मीच तुझ्याकडे येईन.

रागावलीस तरी लोभ असावा.

भाऊ

८ फेब्रुवारी

चि. भाऊस,
आशीर्वाद.

मी हॉलवर येणार. पहिल्या रांगेत बसणार, दाराजवळ नाही. या पोरीने पहिलं पाऊल माझं बोट धरून टाकलंय. तिच्या लग्नाला मी चोरासारखी येऊन जाणार नाही.

भीती वाटेल. वाटू दे. ती माझी आहे, मी उचलीन. तुझी लाज तुझी आहे, ती माझ्या डोक्यावर देऊ नकोस. साडी निळी घेतली आहे.

तरीही तुझीच,
ताई

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लग्नानंतर तुला धड भेटताही आलं नाही, म्हणून लिहितोय. तू पाहिलंस ते सगळ्यांनी पाहिलं, पण एक गोष्ट तुला माहीत नाही.

माझ्या कोटाच्या खिशात अर्धी गोळी होती. तुझ्यासाठी आणली होती, तू डगमगलीस तर गळ्यात मारावी म्हणून. माईक हातात आला आणि पाठ केलेले दोन शब्द मलाच सापडेनात. डोळ्यांपुढे काळोख, हाताला घाम. असं मला पहिल्यांदा होत नाही, ताई. लोकांना औषधं देता देता काउंटरखाली मी पाय दाबून धरतो. आजवर कुणाला सांगितलं नाही.

हात खिशात गेला. तेवढ्यात तू दिसलीस. तुझाही चेहरा पांढरा पडला होता, दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरले होतेस, पण नजर माझ्यावरून हलली नव्हती. मग माझ्या तोंडून माईकवरच 'टेक' निघालं आणि मी स्टेजच्या कडेला बसलो. कुणाला काही कळायच्या आत तू एका बाजूला होतीस आणि दाजी दुसऱ्या. नवरी मुलगी कपडे चुरगळतील याची पर्वा न करता खाली येऊन बसली. सगळ्यात शेवटी विहीणबाई गुडघा धरत बसल्या. का म्हणून कुणी विचारलं नाही. नंतर मी उठून काय बोललो ते आठवत नाही, पण सगळं बोललो.

ती गोळी दुसऱ्या दिवशी दुकानात नष्ट करायच्या औषधांत टाकली. तुझ्या डॉक्टरबाईंची वेळ घेऊन ठेव, माझ्या नावाने. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं तरी चालेल.

हॉलवर येऊ नकोस असं मी लिहिलं होतं. आली नसतीस तर माझ्या शेजारी कोण बसलं असतं, हे काही डोक्यातून जात नाही.

लोभ असावा, आणि कधी तो जड झाला तर टेक म्हण. दुसऱ्या टोकाला मी आहे.

तुझा,
भाऊ