हिंदुरावाची वरात

सोलापूर, १२ मे १९७६

दादास धाकट्या गुंडाचा दंडवत.

मी दोन वेळ पोटभर जेवतो, असं आईला सांग. तुजा कान ठणकायचा थांबला का?

रेकार्ड अडकली म्हणून तुज्या ज्या मालकानं, हिंदुरावानं, तुला भर मांडवात कानफटात मारली, तो काल मी गाणी वाजवत होतो त्या वरातीसमोर दुसऱ्या वरातीत लाउडस्पीकर घेऊन आला. मी दोन रेकार्डप्लेअर लावले. एक गाणं संपायच्या आत दुसरं, पहिल्यापेक्षा चढं. नाचणारे थांबलेच न्हाईत. त्याचेबी वऱ्हाडी माज्याकडं आले.

मग त्याच्या प्लेअरची सुई तुटली. "एक सुई दे की, गुंडा," म्हणाला. माज्या खिशात डबीभर होत्या. मी न्हाय म्हटलं.

त्याच्या वरातीचा नवरदेव बिनगाण्याचा पुढं गेला. मला लई गार वाटलं. तू असतास तर दिली असतीस, व्हय ना?

तुजा,
गुंडा